कसंबाईचा आदर्श पाठ

आमच्या शाळेत दुसरी आणि तिसरीच्या मध्ये भिंत नाही. एका लांब खोलीत लाकडी फळ्या ठोकून दोन वर्ग केलेत, आणि त्या फळ्या छतापर्यंत पोचायच्या आधीच कोणाचा तरी उत्साह संपला. त्यामुळे माझ्या तिसरीतल्या मुलांना दुसरीच्या कविता पाठ असतात आणि पलीकडच्या मुलांना माझे पाढे. इतकी वर्षं फळीच्या अलीकडे मी शिकवलं आणि पलीकडे तिने. आता ती शाळेतून गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत तिच्याबद्दल जे हळहळून बोललं जातं ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हळहळणाऱ्यांपैकी एकानेही, शेवटचा तो एक पाठ सोडला तर, तिचा तास कधी बघितला नव्हता. म्हणून मीच सांगते.

त्या शिक्षकांच्या खोलीत तिला कसंबाई म्हणायचे. तोंडावर नाही, आमच्याकडे तोंडावर सगळेच गोड असतात. नाव पडलं ते तिच्या सवयीमुळे. कोणी काही सांगितलं की ही विचारणार, "कसं?" शिपाई सांगायला यायचा, "बाई, मोठे सर आले." मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. ही विचारायची, "कसे आले?"

"स्कूटरवरून."

"तसं नाही रे बाबा. रमतगमत आले, की तरातरा आले?"

शिपायाला आधी ती खुळी वाटायची. मग त्याच्या लक्षात आलं की सर तरातरा आले असतील तर पहिला तास संपेपर्यंत त्यांच्यासमोर जायचं नसतं. तेव्हापासून तो न विचारताच सांगायला लागला. "आज फणकाऱ्याने आलेत बाई, जपून."

दुसरीच्या पुस्तकात शेवटी शेवटी एक चौकट आहे. क्रिया कशी झाली हे सांगणारा शब्द, त्याची व्याख्या, आणि खाली रिकाम्या जागा. कासव डॅश चालते. ससा डॅश पळतो. बाकीचे शिक्षक चौकट मोठ्याने वाचून घेतात, डॅश भरून घेतात आणि पुढच्या पानावर जातात. सात वर्षांच्या पोरांना 'क्रियाविशेषण' म्हणायला लावतात. ती म्हणायची, "आधीच त्यांचे दात पडताहेत, हा शब्द बोलायला लावला तर उरलेले पण पडतील." तिच्या वर्गात त्यांना कसं-शब्द म्हणत. आणि ते चौकट येण्याची वाट बघत नसत, शाळा सुरू झाली की सुरू व्हायचे.

तिची पद्धत सोपी होती. एक मूल वर्गाबाहेर जायचं. आत बाकीची मुलं मिळून एक कसं-शब्द ठरवायची. मग बाहेरचं मूल आत येऊन हुकूम सोडायचं: दार उघड, पाणी पी, बाकावरून ऊठ. ज्याला हुकूम मिळेल त्याने ते काम ठरलेल्या शब्दासारखं करायचं, आणि बाहेरच्याने शब्द ओळखायचा. चोरपावलांनी. ऐटीत. धसमुसळेपणाने. रेंगाळत. मुकाट्याने. मी इकडे सातचा पाढा घेत असायचे आणि पलीकडून दार असं आपटायचं की माझ्या फळ्यावरचा खडू खाली पडायचा. मग तिकडून ओरडा, "दणकन!" आणि माझ्या वर्गातली मुलंही टाळ्या वाजवायची. मी फळीवर थापटून म्हणायचे, "अगं, जरा आवर तुझी नाटक कंपनी!" ती पलीकडून विचारायची, "कसं आवरू?"

त्या दुसरीत पहिल्या बाकावर एक मुलगी होती. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून कसंबाईने तिचं नाव टिकटिक ठेवलं होतं. टिकटिकला सुरुवातीला शब्द ओळखता येत नसत आणि ती पाय आपटून रडायची. कसंबाई तिला म्हणायची, "लगेच नाही येत काही. रोज केलं की येतं." हे वाक्य मी फळीपलीकडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या मुलांनाही पाढा अडला की मी तेच सांगायला लागले. दिवाळखोर माणसाला दुसऱ्याची अक्कल बरी पडते. काही महिन्यांत टिकटिक अशी तयार झाली की तिला बाहेर पाठवायला मुलं नको म्हणायची, पहिल्या हुकुमातच ओळखते म्हणून.

आता घरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला. माणूस वाईट नाही. पण चांगला आहे असं म्हणायलाही काही पुरावा नाही. खुर्ची, टीव्ही, वर्तमानपत्र. ती घरी गेली की तो म्हणणार, "आलीस." ती निघाली की, "निघालीस." मी एकदा तिला विचारलं, "अगं, तुझ्याकडे कसं-शब्द वापरतच नाहीत का?" ती म्हणाली, "आमच्याकडे क्रियाच कमी होतात." आणि हसली. हसली खरी, पण हे खरंच होतं. एकुलता मुलगा दूरच्या शहरात, फोनवर "सगळं ठीक?" विचारून उत्तराच्या आधी ठेवणारा. तिला बोलायला, हसायला, चिडायला जागा होती ती एकच, फळीच्या पलीकडची. मला तिचा हेवा वाटायचा आणि कीवही यायची. नोकरीवर इतकं जीव टाकून प्रेम करू नये माणसाने. नोकरी काही उलट प्रेम करत नाही.

सगळ्यात आधी मला दिसलं ते तिचं अक्षर. मधल्या सुट्टीत मी तिच्या वर्गात डबा खायला गेले होते. फळ्यावर ओळ होती, डावीकडे टपोरी सुरू झालेली आणि उजवीकडे जाता जाता मुंगीएवढी झालेली. मी थट्टा केली, "खडू वाचवतेस की काय शाळेचा?" मग तिने डबा उघडला आणि चमचा डब्याच्या कडेवर वाजायला लागला. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. मी माझ्या डब्यात बघत राहिले.

डॉक्टरने कंपवात सांगितला. आणि हेही सांगितलं की गोळ्यांनी थांबणार नाही, फक्त दिवसातले काही तास बरे जातील. तिने घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी करून विचारलं, "मग आता काय?" उत्तर यायच्या आधी आवाज परत वाढवला. ते मला सांगताना ती त्याच्याच आवाजात बोलली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता मग तिने माझा दंड घट्ट धरला.

"कोणाला बोलायचं नाहीस."

"अगं पण..."

"वर्ग काढून घेतील. तुला माहीत आहे. मला कचेरीत बसवतील कागदांना टाचण्या लावायला. हा हात घेऊन मी टाचण्या लावू? मला वर्ग हवाय. निवृत्तीपर्यंत मला माझा वर्ग हवाय, बाकी मला काही नको."

ती खरंच बोलत होती. आमच्या खात्यात आजारी शिक्षकाचं तेच करतात, आणि त्याला 'सोय' म्हणतात. मी मूग गिळून गप्प बसायचं कबूल केलं.

पण मोठ्यांपासून लपवणं सोपं. मोठे बघतच नाहीत. मुलं बघतात. एका सकाळी पलीकडून टिकटिकचा आवाज आला, स्पष्ट, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. "बाई, तुमचा हात का हलतोय?"

माझ्याकडचा पाढा थांबला. मला वाटलं, संपलं. मग तिचा आवाज आला, अगदी खेळातला. "अरे वा, कोणाच्या तरी लक्षात आलं! ओळखा बघू. मी आत्ता कसं लिहितेय?"

मग एकदम सगळी, "थरथरत!"

"शाब्बास! टिकटिक, सगळ्यात आधी तू पाहिलंस. टाळ्या तिच्यासाठी."

टाळ्या झाल्या. सुट्टीत नळावर हात धुताना मी तिला म्हटलं, "पोरांशी खोटं बोललीस."

"खोटं कुठे? थरथरतच लिहीत होते ना?"

आणि खरं सांगायचं तर युक्ती बेफाट होती. तिच्याशिवाय कोणाला सुचली नसती. गळ्यात मफलर घालून, खिशात हात घालून लपवणारे लपवतात. हिने सगळ्यांच्या समोर ठेवून लपवलं. पाय घसटायला लागला तेव्हा मुलांनी ओळखलं, "फरफटत." आवाज खाली गेला तेव्हा, "पुटपुटत." वहीतलं पान उलटेना तेव्हा, "सावकाश." एकदा ती वर्गाच्या दारातच उभी राहिली. या आजारात होतं तसं, उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पुढे टाकवतच नाहीत. मी माझ्या दारातून बघत होते आणि धावणारच होते. पण आतून मुलांचा ओरडा सुरू झाला होता. "स्तब्ध!" "खिळल्यासारख्या!" "बाई, आता कळलं, आता या आत!" त्या गलक्यावर पाय सुटले की काय कोण जाणे, ती आत गेली. मुलांना वाटे, आपल्या बाई दिवसभर खेळत असतात. अशी बाई दुसऱ्या कुठल्याच वर्गाला नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

असंच चाललं असतं. वर्ष निघालं असतं, कदाचित त्याच्या पुढचंही. पण खात्यातून साहेब येणार असं ठरलं. दर वर्षी कोणी तरी साहेब येतो, एक आदर्श पाठ बघतो, चहा पितो, शेरा लिहितो आणि जातो. मोठे सर दर वेळी पाचवीच्या मास्तरांचा पाठ दाखवत, कारण ते मास्तर टाय लावतात. पण या साहेबांनी आधीच कळवलं होतं की लहान मुलांची भाषा खेळातून शिकवणारं कोणी असेल तर बघायचंय. तेव्हा मोठ्या सरांना फळीपलीकडची ती नाटक कंपनी आठवली. इतकी वर्षं "आवाज कमी करा" असा निरोप पाठवणारे सर स्वतः चालत तिच्या वर्गात आले. शिपायाने मला नंतर सांगितलं, "लोणी लावत आले बाई, लोणी लावत."

ती हो म्हणाली. मला कळलं तेव्हा मी तिला गाठलं.

"डोकं फिरलंय का तुझं? रजा टाक त्या दिवशी. ताप आला म्हण."

"नाही."

"एवढं लपवलंस आणि आता स्वतःहून चार माणसांसमोर उभी राहणार? आ बैल मुझे मार?"

"गोळी वेळेवर घेईन. तासभर हात नीट राहतो."

"आणि नाही राहिला तर?"

ती खडूच्या डब्यात खडू उभे करत होती. एक एक, दोन्ही हातांनी. मग म्हणाली, "तू फळीपलीकडून ऐकलंस आयुष्यभर. शिपायाने दारातून बघितलं. माझ्या नवऱ्याला मी काय शिकवते हे सुद्धा माहीत नाही. एकदा, एकदाच कोणीतरी खुर्ची टाकून बसून बघावं असं मला वाटतं. वाटू नये का?"

मी रागावले होते. पण 'वाटू नये' असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

त्या दिवशी साहेब वेळेवर आले. पण मोठ्या सरांनी त्यांना चहाला बसवलं, मग शाळेची बाग दाखवली, मग बागेतल्या पाटीसमोर फोटो काढला. कसंबाईने गोळी आधीच घेतली होती. दुसरीची मुलं हात बांधून बसलेली, टिकटिकसुद्धा. आम्ही दोघीतिघी शिक्षिका मागच्या भिंतीला लागून खुर्च्यांवर. ती दाराकडे बघत उभी होती आणि मी तिच्या हाताकडे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना दुसऱ्याचा तास म्हणजे काय ते कधी कळलं नाही आणि कळणारही नाही. शेवटी एकदाचे सगळे आत आले.

आणि मग तिने जो पाठ घेतला! मी तो पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते. फळीपलीकडून मी फक्त आवाज ऐकले होते. एक मुलगा बाहेर गेला, मुलांनी 'दिमाखात' ठरवलं, आणि एकेक जण असा उठला की आमच्या रडक्या शिक्षिकाही हसल्या. मग तिने साहेबांनाच बाहेर पाठवलं. साहेब उठून गेले हो! आत आले, टिकटिकला म्हणाले, "पाणी पी." टिकटिकने बाटलीचं झाकण इकडे तिकडे बघत उघडलं, एक घोट घेतला, पटकन तोंड पुसलं. साहेबांनी दोनदा चुकीचं ओळखलं. वर्ग हसून लोळला. "चोरून!" असं त्यांना आलं तेव्हा त्यांचा चेहरा मुलांसारखा फुलला होता. तिचा हात स्थिर होता. तिने फळ्यावर शब्द लिहिला, अक्षर शेवटपर्यंत टपोरं. मी मनात म्हटलं, जिंकलीस गं बाई.

पाठ संपला होता. नुसतं 'उभे राहा' म्हणायचं राहिलं होतं. पण साहेबांना राहवेना. ते मुलांसमोर वाकून म्हणाले, "मला सांगा, तुमच्या बाई सगळ्यात छान कोणता शब्द करून दाखवतात?"

सगळ्यांचे हात वर. टिकटिक तर बाकावर उभीच राहिली. "थरथरत!"

"हो, थरथरत!" दुसरं कोणी. "आणि फरफटत!"

"खिळल्यासारख्या पण! त्या दिवशी दारात किती वेळ केलं!"

"डबा खाताना पण करतात. चमचा वाजवतात."

"थांबतच नाहीत बाई. आम्ही ओळखलं तरी थांबत नाहीत!"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या पोरांना आपल्या बाईंची सगळ्यात भारी गोष्ट पाहुण्यांना दाखवायची होती, दुसरं काही नाही. मी साहेबांकडे बघत होते. ते हसत होते, मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. त्यांनी हळूच तिच्या हाताकडे बघितलं, मग पायाकडे. त्यांना कळलं होतं. हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, मी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

"बाई, करून दाखवा ना!" टिकटिक ओरडली. मग सगळा वर्ग ताल धरून, "थर-थ-रत! थर-थ-रत!"

तिने माझ्याकडे बघितलं. चहा, बाग आणि फोटो यांनी तिचा तास खाल्ला होता. गोळी उतरायला लागली होती हे मला तिच्या करंगळीवरून दिसलं. ती 'आता नको' म्हणू शकली असती. 'साहेबांना उशीर होतोय' म्हणू शकली असती. पण मुलांनी मागितलं होतं आणि तिने मुलांना कधी नाही म्हटलं नव्हतं. ती फळ्याकडे वळली, हातातला खडू वर नेला आणि दुसऱ्या हाताने मनगट न धरता लिहायला लागली. खडू फळ्यावर टकटक वाजत होता. 'थ' झाला, 'र' झाला, पुढचं सगळं बारीक होत होत कोपऱ्यात गेलं. 'त' तर नुसता ठिपका.

मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या. आणि त्यांच्यानंतरही सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवल्या मोठ्या सरांनी. "वा! काय अभिनय! अगदी हुबेहूब!" त्यांना काहीच कळलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात साहेब सरांना काहीतरी सांगत होते. जाता जाता ते तिच्यापाशी थांबले. "माझ्या आईलाही होतं," एवढंच म्हणाले. मग, "तुमची नीट सोय करायला सांगतो." तोच शब्द. सोय. ती म्हणाली, "साहेब, हे वर्ष तरी." ते म्हणाले, "मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे बाई. दारात पडलात तर." मुलांच्या अंगावर एक बाई पडली असती म्हणे. तिच्यामुळे मुलं उभी राहिली होती, ते काही कुठल्या नियमात बसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आदेश आला. मोठ्या सरांनी आता सगळं आपल्याला आधीपासून जाणवत होतं असं सांगायला सुरुवात केली. वरातीमागून घोडं. दुसरीच्या मुलांना ते वर्गात येऊन म्हणाले, "तुमच्या बाईंना बढती मिळाली. त्या मोठ्या कचेरीत गेल्या." मुलांनी विचारलं, "आमचा पाठ छान झाला म्हणून?" सर म्हणाले, "हो हो, म्हणूनच." फुकटचं पुण्य घ्यायला सर कधी मागे नसतात. टिकटिक बाकावर नाचली. तिनेच तर 'थरथरत' सुचवलं होतं.

मी संध्याकाळी तिच्या घरी गेले तेव्हा माझं डोकं फुटायची वेळ आली होती. नवरा म्हणाला, "आलात." टीव्ही चालूच. ती खिडकीपाशी बसली होती. तिचा चेहरा आता हलत नव्हता, हाही त्या आजाराचाच भाग. ती रडली होती की नाही ते मला कळेना, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्या चेहऱ्यावर मी इतकी वर्षं प्रत्येक शब्द वाचला होता.

"मी उद्या सांगणार त्या पोरांना," मी म्हटलं. "बढती कसली, कपाळ! आजारी बाईला काढलं, असं सांगणार."

"आणि काय केल्याने काढलं, ते पण सांगशील?"

मी उठले होते ती परत खाली बसले.

"टिकटिक सात वर्षांची आहे," ती पुटपुटली. ऐकायला मला वाकावं लागलं. "तिला वाटू दे, तिने मला बढती दिली. तू काही बोललीस ना, तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही."

ती कचेरीत थोडेच दिवस गेली. टाचण्या लागेनात तेव्हा तिथूनही घरी पाठवलं. मी अधूनमधून जाते. ती आता "कसं?" विचारत नाही. मी दार कसं लावलं, चहा कसा ओतला, काहीच विचारत नाही. आता त्या घरात कोणीच विचारत नाही.

नवी शिक्षिका मिळेना, तेव्हा सरांनी मधल्या दोन फळ्या काढल्या आणि दोन्ही वर्ग मला दिले. मीही पुस्तकातली चौकट वाचून घेतली. कासव डॅश चालते. दुसरीची मुलं निमूट डॅश भरत होती. तेवढ्यात टिकटिकने हात वर केला.

"बाई, तुम्ही थरथरत लिहा ना."

मला नाही म्हणता आलं असतं. पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, तिच्याकडे बघायचा तसा. मी खडू घेतला आणि हात हलवत लिहिलं. मुलं बघत राहिली. कोणी टाळी वाजवली नाही.

"असं नाही," मागून कोणीतरी म्हणालं. "तुम्ही मुद्दाम हलवताय."

"आमच्या बाईंना खरं खरं यायचं," दुसरं म्हणालं.

टिकटिकला माझी दया आली असावी. ती बाकावरून उतरून माझ्यापाशी आली आणि माझा पदर ओढून समजुतीने म्हणाली, "लगेच नाही येत, बाई. रोज केलं की येतं."

मी पाठ फिरवली आणि फळा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिले. मागे पोरांचा ओरडा सुरू झाला होता. "भराभरा!" "घासून घासून!" "रागाने!"

"बरोबर," मी म्हटलं. "आता पाढे काढा."